पाटी ‘न्यायालया’ची, निकाल कुणाच्या भाषेत?

‘न्यायालय’ हा शब्द कृत्रिम आहे, लोकांच्या तोंडी ‘कोर्ट’ आहे तेच राहू द्या, असे सांगणाऱ्या विद्वानांची आपल्याकडे वाण नाही. मनमाडसारख्या रेल्वेच्या गावात ‘कोर्टाची तारीख’ हाच प्रयोग रूढ आहे, हे मान्य. पण जे रूढ तेच स्वाभाविक आणि जे आपले ते लादलेले, हा न्याय कुठला?

शब्दांची कुळेच पाहू. ‘कोर्ट’ लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. मूळ अर्थ कुंपण घातलेले अंगण. अंगणाचा राजवाडा झाला, राजवाड्याचा दरबार झाला आणि दरबारात तंटे तुटू लागले म्हणून न्यायस्थानालाही तेच नाव पडले. त्या शब्दात अंगण आहे, राजा आहे; न्याय कुठेच नाही. ‘अदालत’ अरबी ‘अद्ल’पासून आलेला. त्यात समतोलाचा अर्थ आहे आणि तो उणा मानण्याचे कारण नाही. मात्र आपल्याकडे तो राज्यकर्त्यांच्या दप्तरातून आला. ‘न्याय’ हा शब्द पाणिनीने ‘नि’ हा उपसर्ग आणि ‘इ’ म्हणजे जाणे या धातूपासून साधला आणि त्याचा अर्थ सांगितला ‘अभ्रेष’, म्हणजे योग्य मार्गावरून न ढळणे. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनानंतर साक्षात राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री प्रभुणे आठवा, म्हणजे ‘न ढळणे’ याचा अर्थ कोशात शोधावा लागणार नाही.

‘निवाडा’ तर त्याहून घरगुती. त्याचे नाते ‘निवडणे’ या क्रियापदाशी. अन्न महामंडळाच्या प्रचंड धान्यकोठारांच्या या गावाला सूप आणि खडे वेगळे समजावून सांगायला नकोत!

शब्दांचे हे मोल शिवछत्रपतींनी ओळखले होते. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांत ‘न्यायाधीश’ होते निराजी रावजी. महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी सिद्ध केलेल्या राज्यव्यवहारकोशात सुमारे १४०० शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. पुढे याच नाशिक जिल्ह्यातील भगूरच्या सावरकरांनी भाषाशुद्धीचा आग्रह धरला, तेव्हाही थट्टा झालीच. थट्टा करणारेच आज ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ बिनदिक्कत लिहितात.

मात्र स्वकीयांनाही दोन शब्द सांगणे भाग आहे. पाटी बदलली की काम संपले, अशी आपली समजूत झाली आहे. १८६० च्या दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. ‘दंड’ जाऊन ‘न्याय’ आला याचा आनंद आहेच. पण निकालाच्या भाषेचे काय? जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना १९९८ ची. तरी तेथेही इंग्रजी निकाल सर्रास लिहिले जातात. उच्च न्यायालयात तर राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदाने इंग्रजीच. त्याच अनुच्छेदात राष्ट्रपतींच्या संमतीने राज्यभाषेला कामकाजात वाव देण्याची सोय आहे. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहार यांनी हिंदीसाठी ती वापरली. मुंबई उच्च न्यायालयात मराठीला हा मान अद्याप नाही. काही निकालांचे मराठी अनुवाद आता मिळतात, पण प्रमाण ठरतो इंग्रजी पाठच.

नांदगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याचा बांधाचा दावा मुंबईपर्यंत गेला, तर वर्षानुवर्षे तारखा करून हाती पडलेला कागद तो वकिलापुढे धरतो आणि विचारतो, “साहेब, काय झालं आमचं?”