डोंगरकड्यावरचें गिधाड

पितृपक्षांत कावळा पानास शिवला नाहीं, तर घरांतील वडीलधाऱ्या मंडळींचा जीव खालींवर होतो. परंतु ज्या कुळांत जटायु व संपाति जन्मले, तें गृध्रकुल आपल्या डोंगरांतून दिसेनासें होत चाललें असतां आपणांपैकीं किती जणांस चुटपुट लागली? म्हणून या महिन्यांत त्याचेंच चरित्र वाचकांस सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सह्याद्रीच्या कड्यांवर राहणारी जात ती लांब चोचीच्या गिधाडाची. पंख पसरले असतां ते टोंकापासून टोंकापर्यंत सुमारें सात फूट भरतात. पांढऱ्या पाठीचें गिधाड उंच झाडावर घरटें बांधतें. हें मात्र बहुधा कड्याच्या कपारींत काटक्या रचतें. मादी वर्षाकांठीं एकच अंडें घालते व तें नरमादी आळीपाळीनें सुमारें पन्नास दिवस उबवितात. पिल्लास वयांत येण्यास चार-पांच वर्षें लागतात. ज्याची प्रजा इतकी सावकाश वाढते, त्याच्या संहाराची भरपाई लवकर होत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

याच्या डोक्यामानेस दाट पिसें नसतात. लोक त्यास कुरूप म्हणतात. पण मेलेल्या जनावराच्या देहांत मान घालणाऱ्यास ती सोय आहे. सकाळीं ऊन तापलें म्हणजे वर चढणाऱ्या हवेवर तें पंख न हालवितां तासन्‌तास तरंगतें.

रहाटणीसारख्या पवनेच्या खोऱ्यांतल्या गांवीं घरोघर गुरें होतीं. जनावर मेलें म्हणजे गांवाबाहेर नेऊन टाकीत, आणि गिधाडांचा थवा थोड्याच वेळांत हाडें तेवढीं शिल्लक ठेवी. आतां तेथें इमारती झाल्या, गुरें गेलीं. परंतु जेथें गुरें आहेत, तेथेंही गिधाडें नाहींशीं झालीं, तेव्हां कारण निराळें असलें पाहिजे.

तें कारण २००४ सालीं उघडकीस आलें. गुरांच्या दुखण्यावर देण्यांत येणारें डायक्लोफिनॅक नांवाचें औषध अंगांत असतांना जनावर मेलें व गिधाडानें तें खाल्लें, तर गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होऊन तें थोड्याच दिवसांत मरतें. शेंकडा एकाहूनही कमी मृत जनावरें अशीं विषारी असलीं, तरी एवढा संहार होण्यास पुरेसें आहे. कारण एका जनावरावर अनेक गिधाडें जेवतात. १९९२ ते २००७ या काळांत भारतांतील पांढऱ्या पाठीचीं गिधाडें हजारांत एक या प्रमाणांत उरलीं. लांब चोचीचीं शेंकडा सत्त्याण्णव नाहींशीं झालीं. मुंबईंतील पारशी बांधवांच्या दखम्यांवरही गिधाडें येईनाशीं झालीं.

सरकारनें २००६ सालीं हें औषध गुरांसाठीं बंद केलें. तरीही माणसांसाठीं मिळणाऱ्या मोठ्या कुप्या गोठ्यांत जात. म्हणून २०१५ सालीं त्या तीन मिलिलीटरपुरत्या मर्यादित केल्या. २०२३ सालीं किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक हीं औषधेंही गुरांसाठीं बंद झालीं. मेलॉक्सिकॅम हें औषध मात्र गिधाडांस बाधत नाहीं.

आपल्या पुष्कळ वाचकांचीं शेतेंभातें गांवीं आहेत. कोणी गोशाळेस वर्गणीही देतात. त्यांनीं एवढेंच करावें. गाईबैलास दुखण्यावर कोणतें औषध टोंचलें, हें वैद्यास स्पष्ट विचारावें व बंद केलेलें औषध गोठ्यांत येऊं देऊं नये. मुलांनीं हा पक्षी केवळ रामायणांतच पाहावा, असें आम्हांस वाटत नाहीं.