‘हंसूं आलें’ एवढें पुरे काय?

आमच्या शेजारीं एक सद्गृहस्थ राहतात. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ सोनी मराठी वाहिनीवर २०१८ सालीं सुरू झाली, तेव्हांपासून तिचा भाग त्यांनीं सहसा चुकविलेला नाहीं. चुकलाच तर दुसऱ्या दिवशीं दुपारीं मोबाइलवर पाहून ते त्याचें प्रायश्चित्त घेतात. सकाळीं आमच्या ओट्यावर येऊन आदल्या रात्रीच्या भागाचा निकाल सांगितल्याखेरीज त्यांच्या घशाखालीं चहा उतरत नाहीं. निकाल तीनच: ‘एक नंबर’, ‘ठीक होतं’ आणि ‘आज पडला’. विवेकानंद-जन्मोत्सवाला लाखों माणसें शेतांत पंगतीला बसतात आणि ट्रॅक्टरमधून पुरी-भाजी वाढली जाते, त्या गर्दीच्या दिवसांतही हिवरा आश्रमांत हा निकाल आम्हांस वेळेवर मिळालेला आहे. कारण मात्र कधींच मिळत नाहीं. विचारलें तर म्हणतात, “हासू आलं, झालं ना सर! त्याले काय कारण लागते?”

ह्या वाक्याशींच आमचें भांडण आहे.

कोणी म्हणेल, प्राध्यापकानें शेजाऱ्याच्या करमणुकींत नाक खुपसूं नये. पण शेजारी अरसिक असते तर आम्हीं लेखणी उचललीच नसती. शेंकडों भाग पाहिलेल्या माणसाजवळ असें कांहीं ज्ञान सांचतें कीं तें ग्रंथालयांत सांपडावयाचें नाहीं. एकदां सहज ते बोलून गेले, “बाकीच्यांचं बोलनं झाल्यावर हासू येते, समीर चौघुलेचं बोलायच्या आंधीच येते.” विनोदी नटाचें अर्धें कसब वाक्य उच्चारण्यांत नसून तें रोखून धरण्यांत असतें, हें आम्हीं वर्गांत तासभर बोलूनही इतकें स्वच्छ सांगूं शकलों नसतों. शेजाऱ्यांनीं तें एका वाक्यांत सांगितलें, आणि लगेच ‘एक नंबर’ म्हणून त्यावर माती लोटली.

दुसऱ्या बाजूनें आमचे विद्वान स्नेही आम्हांस हंसतात. दूरचित्रवाणीवरील प्रहसनांवर शाई कशाला खर्चावी, असें त्यांचें म्हणणें. त्यांना आम्हीं आमच्याच जिल्ह्याची आठवण देतों. ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर खामगांव व जळगांव-जामोद येथें वकिली करीत. त्यांच्या विनोदाला ‘विविधज्ञानविस्तारा’सारख्या भारदस्त मासिकानें जागा दिली, आणि त्या लेखांनीं रूढींची व खुळ्या समजुतींची जी टर उडविली ती पुष्कळ सुधारकी व्याख्यानांपेक्षां दूर पोंचली. मागाहून गडकऱ्यांचा बाळकराम आला, चिं. वि. जोशांचा चिमणराव आला. आणि तोच चिमणराव विसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत दिलीप प्रभावळकरांच्या रूपानें, गुंड्याभाऊ झालेल्या बाळ कर्व्यांसह, दूरदर्शनवर अवतरला. कागदावरचा विनोद सोंवळा आणि पडद्यावरचा ओंवळा मानणारांनीं ह्या चिमणरावाला कोणत्या पंगतीला बसवावयाचें तें आधीं ठरवावें.

माणूस हंसला एवढ्यावरून विनोद चांगला ठरत नाहीं. गुदगुल्या केल्या तरी माणूस हंसतो. शिवाय आपलें हंसणें आपलेंच असतें असेंही नाहीं. हास्यजत्रेंत समोर बसलेल्या सई ताम्हणकर व प्रसाद ओक यांना खदखदून हंसतांना दाखविलें, कीं घरांतल्या माणसाला वाटतें, आपणच मंद कीं काय! मग तोही हंसतो. हें आम्हीं स्वतःवरून सांगत आहों.

पण खरें दुखणें भाषेचें आहे. २०१४ सालीं ‘चला हवा येऊ द्या’ सुरू झालें आणि भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी झी मराठीवरून घरोघर गेली, तेव्हां आम्हां वऱ्हाडकरांची छाती फुगली ती उगीच नव्हे. त्यांच्या तोंडीं ती बोली येते ती बोलणारा माणूस वऱ्हाडी आहे म्हणून. हंसूं येतें तें त्याच्या बेरकेपणाला. खामगांवच्या पुरुषोत्तम बोरकरांच्या ‘मेड इन इंडिया’ कादंबरींतही तसेंच. तेथें वऱ्हाडी जगाला हंसते. ह्याच्या उलट, विनोद न सुचलेला लेखक हवालदाराच्या किंवा घरगड्याच्या तोंडीं एक ‘काहून बे’ घालतो आणि मोकळा होतो. तेंच वाक्य पुणेरी करून पाहावें. हंसण्याजोगें त्यांत कांहीं उरतें काय?

आमच्या शेजाऱ्यांची मुलगी पुण्यास शिकावयास गेली आहे. गेल्या दिवाळींत ती घरीं आली आणि आईला म्हणाली, “मैत्रिणी जवळ असतांना फोन केलास तर ‘काहून’ म्हणूं नकोस. त्यांना तें प्रहसनासारखं वाटतं.” आई कांहींच बोलली नाहीं. शेजारी भिंतीवरच्या पडद्याकडे पाहत होते. तो तेव्हां बंद होता. दुसऱ्या दिवशीं निकाल सांगावयास ते आले नाहींत.

ह्यावर ठरलेलें उत्तर असें कीं, विनोद हलकाफुलका असतो, तो मनाला लावून घेऊं नये. मग सागर कारंडे यांचा पोस्टमन अरविंद जगतापांचें पत्र वाचूं लागला म्हणजे हीच मंडळी डोळे कां पुसत होतीं? तेव्हां त्याच कार्यक्रमाच्या सामर्थ्याचे गोडवे गाइले गेले. रडविण्याची ताकद मान्य करावयाची आणि दुखविण्याची वेळ आली कीं ‘अहो, गंमत होती’ म्हणून हात झटकावयाचे, हा न्याय आम्हांस कळत नाहीं. वाहिनीवाल्यांना तो सोयीचा असेल. त्यांना आमच्या शेजाऱ्याचें हंसणें मोजतां येतें, त्याचें खजील होणें मोजतां येत नाहीं. आणि तें त्यांच्या कानीं घालावयाचें तर शेजाऱ्यालाच तोंड उघडावें लागेल.

परवां सकाळीं ते पुन्हां ओट्यावर आले. म्हणाले, “काल हासलो सर. पन त्या हवालदाराच्या वाक्याले नाही हासलो.” आम्हीं विचारलें, कां? “तो काई बोललाच नोयता. नुसता आपल्यासारखा बोलून राह्यला होता.” आणि मग त्या भागांतलीं दोन वाक्यें त्यांनीं सुधारून सांगितलीं. एक बरें होतें. दुसऱ्यावर आमचा वाद झाला तो चहा निवेपर्यंत चालला.