बाळंतपणाची तारीख ठाऊक, मग पैशाची तयारी का नाही?

घरात लग्न ठरले की दुसऱ्या दिवसापासून पैशाची जुळवाजुळव सुरू होते. भिशी कधी उचलायची, सोयाबीन कधी विकायचे, मामाकडून किती घ्यायचे, सारा हिशेब आधीच मांडला जातो. बाळंतपणाची अंदाजे तारीखही सहा-सात महिने आधी कळलेली असते. तरीसुद्धा कळा सुरू झाल्यावर, ऐन रात्री, गाडीभाड्यासाठी शेजाऱ्याचे दार ठोठावणारी कुटुंबे आजही आहेत. असे का व्हावे?

‘लोकांना नियोजनाची सवयच नाही’ असे उत्तर पुष्कळ जण देतात. मला ते पटत नाही. ज्या घरात मजुरी दर आठवड्याला येते आणि त्याच आठवड्यात किराणा, शाळेची वही आणि उधारी यांत संपते, त्या घरात सहा महिन्यांनी येणाऱ्या खर्चासाठी पैसा बाजूला राहत नाही. साखरेच्या डब्यात ठेवलेली शंभराची नोट पाहुणा आला की बाहेर पडते. हा दोष माणसाच्या स्वभावाचा नाही. पैसा टिकेल अशी सोयच घरात नसते.

काही वाचक म्हणतील, सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत असताना पैसे लागतातच कशाला? प्रश्न रास्त आहे. २०११ साली सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरून नेण्या-आणण्याचे वाहन हे सर्व विनामूल्य मिळायला हवे. तो प्रत्येक मातेचा हक्क आहे. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सरकारी दवाखान्यांत झालेल्या प्रत्येक बाळंतपणामागे कुटुंबाने पदरचे सरासरी २,९१६ रुपये खर्च केल्याचे दिसले. बाहेरून आणलेले औषध, खासगी गाडी, सोबत राहिलेल्या सासूचे जेवण, बाळ झाल्यावर ‘पेढ्यांसाठी’ मागितलेले पैसे, असा हा खर्च वाढत जातो. शिवाय नवऱ्याची बुडालेली मजुरी वेगळीच.

पैशाची ही चणचण जिवावर बेतू शकते. माता का दगावतात याचा विचार करताना थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासक महिलांनी १९९४ साली तीन प्रकारचे उशीर सांगितले. दवाखान्यात जायचे हे ठरवायला लागलेला उशीर, तेथे पोचायला लागलेला उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळायला लागलेला उशीर. पहिले दोन उशीर बऱ्याचदा पैशापाशीच अडलेले असतात. ‘सकाळपर्यंत वाट पाहू’ या वाक्यामागे पुष्कळदा रिकामा खिसा असतो. प्रसूतीनंतर जोराचा रक्तस्राव सुरू झाला, तर योग्य उपचाराअभावी दोन-तीन तासांतही माता दगावू शकते. तेवढ्या वेळात सावकार गाठणार की दवाखाना?

आता उपायाकडे वळू. माणसाच्या सवयी ओळखून त्याप्रमाणे बचतीची सोय आखली, तर गरीब घरेही आरोग्यासाठी पैसे राखू शकतात, असे अभ्यासातून दिसले आहे. केनियाच्या पश्चिम भागात पास्कलीन ड्यूपा आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी आपल्याकडच्या भिशीसारख्याच गटांतील लोकांना बचतीची निरनिराळी साधने दिली. त्यांचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. काहींना फक्त कुलपाची पेटी दिली, किल्ली त्यांच्याकडेच. एवढ्यानेच आरोग्यासाठीचा खर्च सुमारे दोन-तृतीयांशाने वाढला. काही गटांनी नेहमीच्या भिशीबरोबर आरोग्यासाठी वेगळा हप्ता सुरू केला. तेथे तो दुपटीहून अधिक झाला. मात्र ज्यांच्या पेटीची किल्ली दुसऱ्याकडे ठेवली होती, त्यांच्यात असा फरक दिसला नाही. अडीअडचणीला हात घालता येणार नाही अशा पेटीत गरीब माणूस पैसे टाकायला कचरतो, हे उघड आहे.

आपल्या देशातला दाखलाही आहे. दिलीप सोमण आणि अमर चीमा यांनी ग्रामीण भागातील बांधकाम मजुरांवर केलेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. बचतीची रक्कम बंद पाकिटात घालून दिली आणि पाकिटावर मजुराच्या मुलांचे छायाचित्र लावले, तर ते पाकीट फोडताना हात अडखळतो आणि बचत वाढते, असे त्यांना आढळले. पैसा तोच, पण त्याला नाव मिळाले की तो सहजासहजी खर्च होत नाही. आपल्या आज्या ‘हे लक्ष्मीपूजनाचे’, ‘हे जत्रेचे’ म्हणून वेगवेगळ्या गाठी बांधत, त्या काही उगाच नव्हे.

हे सारे आपल्या गावात कसे आणावे? मला पुढील गोष्टी सुचतात.

नाव नोंदवल्या दिवशीच आशाताईंनी किंवा परिचारिकेने एका कागदावर लिहून द्यावे, की दवाखान्यात काय मोफत मिळेल आणि घरच्यांना अंदाजे किती रुपये लागतील. खासगी रुग्णालयांनीही साध्या प्रसूतीचा आणि सिझेरियनचा खर्च तिसऱ्या महिन्यातच लेखी सांगावा. आकडा डोळ्यांसमोर असला की तयारी सुरू होते.

माता-बाल संरक्षण कार्डाच्या पिशवीतच एक पाकीट ठेवावे. त्यावर गरोदर बाईचे नाव आणि ‘बाळंतपणासाठी’ एवढे शब्द लिहावेत. पाकीट तिच्याच ताब्यात असावे. बाजाराच्या किंवा मजुरीच्या दिवशी, खर्चाला सुरुवात होण्याआधी, त्यात पैसे पडावेत. आठवड्याला १५० रुपये टाकले तर २६ आठवड्यांत ३,९०० रुपये होतात. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. त्या दिवशी वजन आणि रक्तदाबाबरोबर ‘पाकीट कसे आहे?’ हेही आशाताईंनी आपुलकीने विचारावे. विचारणारे कुणी आहे म्हटले की हप्ता चुकत नाही.

बचत गटांनी नेहमीच्या बचतीशिवाय दरमहा थोडी रक्कम बाळंतपणाच्या नावाने वेगळी राखावी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, साड्या आणि खणांचा ढीग पडतो. आलेल्या बायकांनी ओटी भरताना एखादी नोट त्या पाकिटात घातली, तर रीतही राहील आणि गाडीभाडेही निघेल.

सरकारनेही वेळ सांभाळली पाहिजे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी पात्र मातेला ५,००० रुपये मिळतात. त्यातील ३,००० रुपयांचा पहिला हप्ता गरोदरपणी नोंदणी आणि तपासणी झाल्यावर मिळायचा असतो. तो बाळ रांगायला लागल्यावर खात्यात आला, तर त्याचा उपयोग कर्ज फेडण्यापुरताच. तेव्हा पहिल्या तपासणीच्या वेळीच आधार, बँक खाते आणि अर्ज यांची कामे एका बैठकीत उरकून टाकावीत. ज्या बाईला चार खेटे घालावे लागतात, ती पाचव्यांदा जात नाही.

बचतीचा हा उपदेश म्हणजे गरिबाच्या माथी जबाबदारी मारणे नव्हे काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. माझे मत स्पष्ट आहे. जे मोफत मिळायला हवे, ते मोफत मिळालेच पाहिजे. त्यासाठी पाकीट उघडायला लावणाऱ्याची तक्रार झाली पाहिजे. उचल घेऊन ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याला आठवड्याला १५० रुपये बाजूला ठेव म्हणणे ही थट्टाच होईल. त्यांच्यासाठी सरकारी मदत वेळेवर, आणि ते ज्या तालुक्यात असतील तेथे पोचणे हाच उपाय आहे. परंतु ज्यांच्या हातात थोडाफार पैसा येतो आणि टिकत नाही, अशी घरे आपल्याकडे फार मोठ्या संख्येने आहेत. त्यांना पाकीट, भिशी आणि ठरलेला दिवस यांचा खरोखर आधार होईल.

वाचकहो, आपल्या घरात, गल्लीत किंवा कामाच्या ठिकाणी कुणी गरोदर असेल, तर या आठवड्यात तिला एक पाकीट द्या आणि पहिली नोट आपल्या हाताने घाला. १०२ आणि १०८ हे रुग्णवाहिकेचे क्रमांक त्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवा. कळा सुरू होतील तेव्हा त्या घराला फक्त गाडीची वाट पाहावी लागावी, पैशाची नव्हे.