रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून गोळी बंद?

"डॉक्टर, कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं. आता गोळी बंद करू ना?" हा प्रश्न मी जवळजवळ रोज ऐकतो. विचारणारे निदान विचारतात तरी. न विचारता गोळी बंद करणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते.

शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल जेवणातून येत नाही, ते आपलं यकृतच तयार करतं. स्टॅटिनची गोळी ही निर्मिती कमी करते. मग यकृत रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, जास्त प्रमाणात ओढून घेतं. गोळी थांबवली की काही आठवड्यांत आकडा पुन्हा वर जातो. थोडक्यात, रिपोर्ट नॉर्मल आला तो बहुतेक वेळा गोळीमुळेच.

"पण माझं चांगलं कोलेस्टेरॉल ६० आहे!" छान आहे, मात्र एचडीएल चांगलं असलं म्हणून वाढलेल्या एलडीएलचा धोका पुसला जात नाही. शिवाय रिपोर्टवर छापलेली मर्यादा सर्वांना लागू होत नाही. हार्ट अटॅक येऊन गेला असेल, तर एलडीएल ७० च्या, शक्यतो ५५ च्याही खाली हवं.

रोज चाला, तळलेलं आणि वनस्पती तूप कमी करा, तंबाखू सोडा. पण ज्यांना गोळीची गरज आहे, त्यांनी हे सगळं गोळीच्या जोडीला करायचं, गोळीऐवजी नाही. गोळीने स्नायू दुखत असतील तर सांगा. डोस किंवा औषध बदलता येतं.

वाढलेलं कोलेस्टेरॉल दुखत नाही, म्हणूनच ते फसवतं. गोळी बंद करायचा निर्णय घरी परस्पर घेऊ नका, तुमच्या डॉक्टरांसमोर बसून घ्या.