हसताना तोंडावर ओढणी कशाला?



लग्नसराई जवळ आली की आमच्याकडे दातांविषयी प्रश्न येऊ लागतात. चिखलीच्या एका भगिनीने विचारले आहे : "मुलगी वीस वर्षांची आहे. आमचे मूळ गाव नांदेड जिल्ह्यात किनवटकडे. मुलीचे लहानपण तिकडेच आजीजवळ गेले. पुढच्या चार दातांवर तेव्हापासून तपकिरी डाग आहेत. हसताना ती तोंडावर ओढणी धरते. आता स्थळे येत आहेत. एका दवाखान्यात सांगितले की वरचे सहा दात घासून कॅप बसवू, पैसे हप्त्याने द्या. मिस्टर कंपनीत कंत्राटी आहेत. हप्ता घ्यावा का?"

हा प्रश्न एका घराचा नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

पहिली गोष्ट, मुलीला चांगले दिसावेसे वाटते यात गैर काही नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींपुढे भाषण केले, तेव्हा स्वच्छ राहा, नीटनेटके नेसा, असे मुद्दाम सांगितले. तो नटण्याचा उपदेश नव्हता, स्वाभिमानाचा होता. तथागतांनीही दातांचा विषय क्षुल्लक मानला नाही. अंगुत्तर निकायात दंतकाष्ठावर एक लहानसे सुत्त आहे. दात न घासण्याचे पाच तोटे आणि घासण्याचे पाच फायदे त्यात मोजून सांगितले आहेत. तोंडाला दुर्गंधी येत नाही आणि अन्नाला चव लागते, हे त्यांतले दोन फायदे. म्हणजे आधी दात निरोगी हवा, मग तो देखणा करावा. हा क्रम उलटा झाला की पैसेही जातात आणि दातही जातात.

आता डागांकडे वळू. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतील बऱ्याच गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. एक लिटर पाण्यात दीड मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराईड असू नये, असे भारतीय मानक सांगते. हिरड्यांच्या आत दात तयार होत असतात त्या वयात, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, असे पाणी पोटात गेले तर दातांवर पांढरे किंवा तपकिरी डाग उमटतात. ही कीड नाही आणि मुलीचा आळसही नाही. तिने कितीही घासले तरी हे डाग जाणार नाहीत. म्हणून तिला "दात घासत नाहीस का?" असे बोलणे आधी बंद करा. लिंबू, खाण्याचा सोडा, कोळसा, वीटकरीची पूड यांनी घासायला तर मुळीच लावू नका. दातावरचे कठीण कवच एकदा झिजले की ते पुन्हा येत नाही.

हे कवच जेमतेम एक ते अडीच मिलिमीटर जाड असते. कॅप बसवायची तर दात चारी बाजूंनी घासून बारीक करावा लागतो. काही वेळा आतली नस दुखावते आणि रूट कॅनाल करण्याची वेळ येते. कॅपही जन्मभर टिकत नाही, पुढे बदलावी लागते, त्या वेळी पुन्हा खर्च. ज्याचा दात तुटला आहे, किडून पोकळ झाला आहे किंवा रूट कॅनाल झाले आहे, त्याला कॅप हा उपकारच आहे. पण वीस वर्षांच्या मुलीचे सहा धडधाकट दात केवळ रंगासाठी घासायचे, हा शेवटचा उपाय झाला, पहिला नव्हे.

त्याआधी बऱ्याच पायऱ्या आहेत. हलके डाग डॉक्टर वरच्यावर घासून कमी करतात. ब्लीचिंगने रंग उजळतो, मात्र तो कायमचा नसतो, काही दिवस दात शिवशिवतात आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना ते करू नये. दाताच्याच रंगाचा मसाला डागावर लावता येतो, त्यात दात फारच थोडा घासावा लागतो. पातळ पापुद्रा चिकटवण्याच्या पद्धतीला व्हेनिअर म्हणतात. त्यातही दात थोडा घासला जातो आणि तो पूर्ववत होत नाही. दात पुढे आलेले किंवा वाकडे असतील तर तारेचा उपाय आहे. त्याला दीड-दोन वर्षे लागतात, पण स्वतःचे दात शाबूत राहतात. तार मोठ्या वयातही लावता येते. लग्न दोन महिन्यांवर आले म्हणून दात घासून सरळ दाखवणे, ही घाई पुढे महागात पडते.

सगळेच डाग फ्लोराईडचे नसतात. आपल्या घरांतून मशेरी अजून गेलेली नाही. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने दात काळवंडतात, हिरड्या सुटतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी मिळतेच. तोंड पूर्वीसारखे उघडत नसेल, आत पांढरा चट्टा असेल किंवा दोन-तीन आठवड्यांत फोड भरला नसेल, तर रंगाचा विचार बाजूला ठेवा आणि आधी तपासून घ्या. भोसरीकडे प्लेटिंगच्या खात्यात काम करणाऱ्या बांधवांनी पुढच्या दातांच्या कडांवर लक्ष ठेवावे. अॅसिडच्या वाफांनी त्या हळूहळू झिजतात. अशा दातांना ब्लीचिंगचा उपयोग नाही. खात्यात वाफ ओढून घेणारी सोय हवी. ती मागणे हा कामगाराचा हक्क आहे.

दाताचा डॉक्टर कसा निवडावा? पाटीवर बी.डी.एस. किंवा एम.डी.एस. ही पदवी आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहा. नसेल तर विचारा, विचारण्यात संकोच नको. तारेसाठी, हिरड्यांसाठी, कॅप व कवळीसाठी एम.डी.एस. झालेले वेगवेगळे तज्ज्ञ असतात. बाजारच्या दिवशी रस्त्याकडेला बसून तासाभरात पक्का दात बसवून देणाऱ्यापासून लांब राहा. तो तार आणि मसाल्याने नवा दात शेजारच्या दातांना चिकटवतो, खाली अन्न कुजते आणि शेजारचे चांगले दातही हलू लागतात.

हत्यारे कशी स्वच्छ करतात, हेही पाहा. ऑटोक्लेव्ह हे यंत्र आपल्या प्रेशर कुकरसारखेच चालते. १२१ अंशांच्या वाफेत पंधरा-वीस मिनिटे हत्यारे ठेवतात. ती बंद पाकिटातून तुमच्यासमोर काढली पाहिजेत आणि हातमोजे नवे घातले पाहिजेत. नुसते गरम पाण्यात बुडवून चालत नाही, त्यातून कावीळ ब सारखे रोग पसरू शकतात. चांगला डॉक्टर आधी साखर, रक्तदाब, चालू औषधे आणि गरोदरपण यांची चौकशी करतो, गरज असेल तर एक्स-रे काढतो आणि हिरड्या बऱ्या केल्याशिवाय शोभेच्या कामाला हात घालत नाही.

पैसे भरण्यापूर्वी पाच प्रश्न विचारा. हा डाग कशामुळे आला? चांगला दात घासावा लागेल का, किती? याहून साधा उपाय आहे का? हे किती वर्षे टिकेल आणि नंतर काय खर्च येईल? आत्ता काहीच केले नाही तर काय होईल? उत्तरे शांतपणे देणारा डॉक्टर आपला. "आजच भरले तर सूट" म्हणणाऱ्याला दुरून नमस्कार करा. एकूण खर्च कागदावर लिहून घ्या आणि पावती जपून ठेवा. पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच दिला आहे.

एकाच दवाखान्याच्या शब्दावर निर्णय घेऊ नका. पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. तिथे दंतविभाग आहे. त्याच भागात डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय आहे. महाविद्यालयात शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, फेऱ्या होतात, पण घाईने दात घासला जात नाही. ज्यांचा ई.एस.आय. कापला जातो त्यांनी चिंचवडला मोहननगरच्या रुग्णालयात दुखऱ्या दातांसाठी आधी चौकशी करावी. ज्यांना गुरुवारी कारखान्याची सुट्टी असते, त्यांचा खाडाही होत नाही. चाकणच्या बांधवांनी भोसरीमार्गे पिंपरीला एक फेरी मारली तरी ती वाया जाणार नाही.

दोन गैरसमजही सोडा. वरचा दात काढल्याने नजर जात नाही. दात साफ केल्याने ते हलत नाहीत. आधीच सुटलेल्या दातांना साचलेल्या किटणाने धरून ठेवलेले असते, ते निघाल्यावर खरी स्थिती कळते एवढेच.

तेव्हा चिखलीच्या भगिनीला आमचे सांगणे असे : हप्ता घेऊ नका. मुलीला घेऊन दंत महाविद्यालयात जा, डाग दाखवा, साधा उपाय आधी विचारा. काय करायचे ते मुलीला ठरवू द्या, दात तिचे आहेत. आणि स्थळ पाहायला आलेल्यांनी डागांविषयी विचारलेच, तर मान खाली न घालता सांगा, गावच्या पाण्याने पडलेले डाग आहेत. एवढ्यावरून जे घर मुलीला नाकारते, ते उद्या आणखी कशावरून तरी नाकारील. अशा घरासाठी सहा चांगले दात घासून घेऊ नयेत.