आप्तवाक्य आणि हाताचा पुरावा

लाख-दीड लाख रुपयांचे यंत्र एकदाही हातात न धरता, केवळ त्याविषयी वाचून-ऐकून विकत घ्यावे, याला आज सुजाणपणा म्हणतात. संगणकावरील मोटारशर्यतीच्या, म्हणजे ‘सिम रेसिंग’च्या, क्षेत्रात तर हा रिवाजच होऊन बसला आहे. उंची स्टिअरिंग व्हील, ब्रेकची पेडल्स, बसण्याचा सांगाडा हे सारे परीक्षणांच्या भरवशावर घरपोच मागवले जाते. आणि ‘आधी वापरून पाहायला मिळेल का?’ असे विचारणाऱ्याला ‘परीक्षणे पाहा की!’ असे उत्तर मिळते. या उत्तराला आमचा विरोध आहे. साहित्याच्या अध्यापकांनी या विषयात का पडावे, अशी शंका कोणी घेईल. वाद यंत्राचा असला तरी प्रश्न परीक्षणाच्या अधिकाराचा आहे, आणि परीक्षण हा आमचा रोजचा व्यवसाय आहे.

हे यंत्र काय करते ते आधी पाहू. खऱ्या शर्यतीच्या मोटारीत वळणाचा आणि ब्रेकचा झटका चालकाचे सारे अंग सोसत असते. घरच्या खुर्चीत ते नसते. उरतात डोळे, कान, दोन हात आणि दोन पाय. पुढच्या चाकांवर येणाऱ्या बलाचे गणित संगणक अखंड करत असतो आणि ते बल विजेच्या मोटरद्वारे हातातल्या व्हीलवर उतरवतो. वळणात चाके सरळ होऊ पाहतात, ती ओढ हाताला जाणवते; टायरची पकड सुटण्याच्या बेतात आली की ही ओढ थोडी आधीच ढिली पडू लागते. जाणता चालक त्या ढिलाईवरूनच पुढचा धोका ओळखतो. स्वस्त यंत्रांत मोटर आणि व्हील यांच्या मध्ये दातेरी चक्रे किंवा पट्टा असतो, आणि त्या मधल्या सांध्यांत हे बारकावे बोथट होतात. लॉजिटेकचे 2015 सालचे जी29 दातेरी चक्रांचे. त्याचा जोर सुमारे 2 न्यूटन-मीटर. ‘डायरेक्ट ड्राइव्ह’ प्रकारात व्हील थेट मोटरच्या दांड्यावर बसते. फिनलंडच्या सिम्युक्यूब 2 मालिकेतले स्पोर्ट 17, प्रो 25 आणि अल्टिमेट 32 न्यूटन-मीटरपर्यंत जोर देते. पेडल्सची गोष्ट वेगळी नाही. साधे पेडल पाय किती खाली गेला ते मोजते, लोड सेलचे पेडल पायाने किती दाब दिला ते मोजते. आणि पायाला अंतरापेक्षा दाब अधिक चांगला लक्षात राहतो.

हे आकडे खरे आहेत, आणि खरेदीचा निर्णय करायला जवळजवळ निरुपयोगी आहेत. 25 न्यूटन-मीटर म्हणजे एखाद्याच्या मनगटाला तासाभराची शिक्षा, दुसऱ्याला हवाहवासा भार. अनेक जण बलाढ्य यंत्र घेऊन ते निम्म्या जोरावर चालवतात. अचानक येणारे मोठे धक्के छाटले जाऊ नयेत म्हणून वरची मोकळीक हवी, असा त्यांचा युक्तिवाद असतो आणि तो तंत्रदृष्ट्या बरोबरही आहे. मात्र त्या मोकळिकीसाठी किती पैसे मोजावेत, हे कोणता आकडा सांगणार?

आकडे संपले की परीक्षक विशेषणांकडे वळतात. अमुक व्हील ‘जिवंत’ आहे, तमुक ‘दाणेदार’ आहे, तिसरे ‘गुळगुळीत पण निर्जीव’ आहे. (आमच्या समीक्षेतल्या ‘तरल’ आणि ‘प्रत्ययकारी’ या शब्दांची ही चुलत भावंडेच!) परंतु कवितेच्या समीक्षकाला एक सोय आहे. कविता तरल आहे असे म्हणताना त्याला तिच्या ओळी वाचकापुढे ठेवता येतात, आणि वाचक तिथल्या तिथे त्याला खोटा पाडू शकतो. स्पर्शाचे अवतरण देता येत नाही. चित्रफितीत यंत्र दिसते, त्याचा आवाज ऐकू येतो, परीक्षकाचा चेहरा उजळलेला दिसतो. ज्या एका गोष्टीसाठी ते यंत्र आहे, तेवढीच त्यात नसते. ज्या विधानाचा पुरावा वाचकापर्यंत पोहोचूच शकत नाही, त्याला परीक्षण म्हणण्यापेक्षा साक्ष म्हणावे.

साक्षीलाही प्रमाण मानता येते. नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला शब्द हे प्रमाण मानलेच आहे. पण कोणाचा शब्द? आप्ताचा, आणि वात्स्यायनाच्या भाष्यात आप्त तो, ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी पाहिली तशीच ती सांगण्याची ज्याची इच्छा आहे. पहिली अट हे परीक्षक पुरी करतात. दुसरीबद्दल शंका घ्यायला जागा आहे, कारण अनेकांना यंत्र कंपनीकडूनच आलेले असते आणि परीक्षणाखालच्या दुव्यावरून झालेल्या विक्रीत त्यांचा वाटा असतो. ते खोटे बोलतात असे आम्ही म्हणत नाही. मात्र ज्याला पदरचे काहीच मोजावे लागले नाही, त्याने ‘पैसा वसूल’ हा निर्वाळा देऊ नये.

युरोपात कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे, असे यावर सांगितले जाईल. युरोपीय संघाच्या 2011 सालच्या ग्राहकहक्क निर्देशानुसार घरबसल्या मागवलेली वस्तू कारण न देता 14 दिवसांत परत करता येते, हे खरे. पण तोच निर्देश सांगतो की, वस्तूचे स्वरूप, गुणधर्म आणि कार्य समजण्यापुरतीच ती हाताळावी. त्यापलीकडे वापरल्याने किंमत उतरली तर तो तोटा ग्राहकाचा. यासाठी मापदंड धरला आहे तो दुकानातल्या हाताळणीचा. मौज अशी की, या व्यापारात ते दुकानच बव्हंशी नाही. जर्मनीतील फॅनाटेक, जी 2024 साली कोर्सेअरच्या मालकीची झाली, ती बराच काळ आपला माल मुख्यतः स्वतःच्याच संकेतस्थळावरून विकत आली. त्यात ते अवजड धूड पुन्हा खोक्यात भरून, बहुधा स्वखर्चाने, परत पाठवायचे! आपल्याकडे तेही नाही. 2020 सालचे ई-कॉमर्स नियम सदोष, बनावट किंवा वर्णनाशी न जुळणाऱ्या मालाचा विचार करतात. ‘हाताला रुचले नाही’ हे कारण त्यांत बसत नाही. पुण्या-मुंबईच्या ग्राहकाने आयातशुल्क भरून मागवलेले व्हील मग कपाटावर तरी चढते, नाहीतर पडत्या भावात विकले जाते.

पाच मिनिटांची चाचणी फसवी असते, हा आक्षेप मात्र आम्हांला मान्य आहे. जर्मनीत न्युर्बुर्गरिंगला 2014 साली सुरू झालेल्या सिमरेसिंग एक्स्पोसारख्या प्रदर्शनात रांगेत उभे राहून दोन फेऱ्या मारणाऱ्याला सर्वांत जोरकस यंत्रच सर्वांत चांगले वाटणार. तासाने चालवायच्या शर्यतीसाठी असलेली खेळघरेही कामाची नाहीत. तिथले यंत्र कोणालाही झेपेल असे लावून ठेवलेले असते. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सारा भात एकाच भांड्यात शिजलेला असतो. इथे भांडे प्रत्येकाचे निराळे. मिरजेला तानपुरा घ्यायला जाणारा गायक दोनदा तार छेडून निघून येत नाही. तो बसतो, आपली पट्टी लावतो, जवारी आपल्या गळ्याला मानवेल अशी करून घेतो. चाचणी म्हणतात ती ही. चाचणी तोकडी असते म्हणून ती नकोच, असे म्हणणे म्हणजे पुस्तक चाळून नीट कळत नाही म्हणून वेष्टनावरचा मजकूर वाचून ते घ्या, असे सांगणे होय.

आमची मागणी फार मोठी नाही. विक्रेत्यांनी मोठ्या शहरात निदान एक खोली ठेवावी. तासाचे भाडे घ्यावे आणि खरेदी झाल्यास ते किमतीतून वजा करावे. ग्राहकाला त्याची रोजची गाडी आणि रोजचा ट्रॅक निवडू द्यावा, जोर त्याच्या मनाने कमी-जास्त करू द्यावा. परीक्षकांनी यंत्र कोठून आले, किती जोरावर आणि किती तास चालवले, हे पहिल्याच परिच्छेदात लिहावे. आणि त्या खोलीत महागड्या यंत्राच्या शेजारी त्याच्या निम्म्या किमतीचे एक यंत्र चालू स्थितीत असावे. या शेवटच्या अटीला किती विक्रेते राजी होतात, ते पाहण्याची आम्हांला उत्सुकता आहे.