पवार राष्ट्रपतिपदाला उभे राहिले असते, तर भिवंडीतून किती मतं मिळाली असती?

भिवंडी, १६ जून २०२२ : भिवंडी लोकसभा मतदारसंघात सहा आमदार. त्यातले चार महाविकास आघाडीचे किंवा आघाडीच्या बाजूचे, भाजपचे फक्त दोन. तरीही शरद पवार राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले असते, तर आपल्या मतदारसंघापुरता हिशेब असा झाला असता : पवार ७००, भाजपचा उमेदवार १,०५०.

आकडे चुकलेले नाहीत. ते असे का येतात हे कळलं की पवारांनी बुधवारी नकार का दिला, हेही बरंचसं कळतं.

बुधवारी नेमकं काय झालं?

ममता बॅनर्जींनी दिल्लीत कॉन्स्टिट्यूशन क्लबमध्ये विरोधी पक्षांची बैठक बोलावली होती. १७ पक्ष आले. सगळ्यांनी पवारांचं नाव पुढे केलं आणि पवारांनी नम्रपणे नाही म्हटलं. नंतर ट्वीट करूनही तेच सांगितलं. मग ममतांनी फारुख अब्दुल्ला आणि गोपालकृष्ण गांधी ही दोन नावं सुचवली. त्यावर निर्णय व्हायचा आहे. भाजपनं अजून आपला उमेदवार जाहीर केलेला नाही.

तेव्हापासून व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच वाद सुरू आहे. मराठी माणसाला एवढी मोठी संधी आली होती, साहेबांनी ती सोडायला नको होती, असं एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, हरायला कशाला उभं राहायचं?

मताची किंमत कशी ठरते?

राष्ट्रपती निवडतात खासदार आणि आमदार. पण प्रत्येकाचं मत सारखं नसतं. आमदाराच्या मताचं मूल्य काढताना राज्याची लोकसंख्या आमदारांच्या संख्येनं भागायची, आलेल्या आकड्याला पुन्हा १,००० ने भागायचं. लोकसंख्या मात्र आजची नाही, १९७१ ची. महाराष्ट्राची तेव्हाची लोकसंख्या ५ कोटी ४ लाखांच्या आसपास, आमदार २८८. उत्तर येतं १७५. उत्तर प्रदेशच्या आमदाराचं मत २०८ चं, सिक्कीमच्या आमदाराचं फक्त ७ चं.

(२०११ च्या जनगणनेत एकट्या भिवंडी शहराची लोकसंख्या सात लाखांवर गेली होती. पण या निवडणुकीसाठी आपण अजून १९७१ मध्येच आहोत.)

देशातल्या सगळ्या आमदारांच्या मतांची बेरीज होते ५,४३,२३१. तिला ७७६ खासदारांनी भागलं की खासदाराचं मत ७०० चं होतं. मागच्या वेळी ते ७०८ होतं. जम्मू-काश्मीरला सध्या विधानसभाच नसल्यामुळे यंदा आठनं घटलं. एकूण मतमूल्य १०,८६,४३१ आणि जिंकायला लागतात ५,४३,२१६.

आता आपल्याकडे वळू

भिवंडी ग्रामीणचे शांताराम मोरे आणि कल्याण पश्चिमचे विश्वनाथ भोईर शिवसेनेचे. शहापूरचे दौलत दरोडा राष्ट्रवादीचे. भिवंडी पूर्वचे रईस शेख समाजवादी पक्षाचे, आणि त्यांचा पक्षही बुधवारच्या बैठकीत होता. चार गुणिले १७५ म्हणजे ७००.

समोर भिवंडी पश्चिमचे महेश चौघुले आणि मुरबाडचे किसन कथोरे, दोघांचे मिळून ३५०. त्यात खासदार आणि केंद्रीय राज्यमंत्री कपिल पाटील यांचे ७०० मिळवा. झाले १,०५०.

यात एक गोष्ट पवारांना नक्की टोचत असेल. कपिल पाटील आणि किसन कथोरे हे दोघंही २०१४ पर्यंत राष्ट्रवादीतच होते. म्हणजे आपल्या भागात पवारांच्या विरोधात गेली असती त्या १,०५० पैकी ८७५ मतं एकेकाळी त्यांच्याच घरातली होती. ते दोघं तिकडे गेले नसते, तर हिशेब १,५७५ विरुद्ध १७५ असा असता.

देशातही साधारण हेच चित्र आहे. एनडीए निम्म्याच्या अगदी जवळ आहे, थोडीच मतं कमी पडतात. ती बिजू जनता दल किंवा वायएसआर काँग्रेसकडून येऊ शकतात आणि हे दोन्ही पक्ष बुधवारी बैठकीला नव्हते. तेलंगणा राष्ट्र समिती आणि आम आदमी पक्षही आले नाहीत. १७ पक्ष ऐकायला मोठा आकडा वाटतो, पण बेरीज करताना न आलेले पक्षच महत्त्वाचे ठरतात.

मराठी म्हणून मतं फुटली नसती का?

या निवडणुकीत व्हीप लागू होत नाही आणि मतदान गुप्त असतं, त्यामुळे शक्यता नाकारता येत नाही. २००७ मध्ये शिवसेना एनडीएत असूनही प्रतिभाताई पाटील यांच्या पाठीशी उभी राहिली होती, मराठी राष्ट्रपती हवा म्हणून. पण तो पक्षाचा निर्णय होता, आमदार गुपचूप फुटले नव्हते. शिवाय प्रतिभाताईंकडे शिवसेनेशिवायही विजयाचं गणित होतं. पवारांना मात्र जिंकण्यासाठीच फूट लागली असती. आणि गेल्या शुक्रवारी, १० तारखेला, राज्यसभेच्या मतदानात फूट कोणाची पडते हे आपण पाहिलं. १०६ आमदारांच्या भाजपनं सहापैकी तीन जागा काढल्या आणि शिवसेनेचे संजय पवार पडले.

हरण्यासाठी उभं राहण्यात काही अर्थ असतो का?

माझ्या मते असतो. १९६९ ची निवडणूक बघा. तिथेही एक मराठी उमेदवार होता, हे फारसं कोणाच्या लक्षात नाही. चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नेहरूंचे अर्थमंत्री आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये मंत्रिपद सोडणारे. राजकारणापासून लांब गेल्यावर, वयाच्या ७३ व्या वर्षी ते जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या पाठिंब्यावर उभे राहिले. मतं मिळाली १,१२,७६९, क्रमांक तिसरा. पण पहिल्या पसंतीत कोणालाच बहुमत मिळालं नव्हतं, म्हणून त्यांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजावी लागली आणि मग व्ही. व्ही. गिरी जिंकले.

हरले ते काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. अंतर १४,६५० मतमूल्याचं. पराभवानंतर रेड्डी राजकारणातून बाजूला झाले आणि गावी शेती बघू लागले. १९७७ मध्ये तेच रेड्डी पुन्हा उभे राहिले. यावेळी ३७ अर्ज आले, ३६ छाननीत बाद झाले आणि रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती झाले. आठ वर्षांत माणूस बदलला नव्हता. बदललं होतं ते सत्तेचं पारडं, जनता पक्ष सत्तेवर आला होता.

म्हणूनच ‘पवारांची उंची एवढी आहे, तर ते का जिंकणार नाहीत’ हा प्रश्न मला चुकीच्या जागी विचारलेला वाटतो. या निवडणुकीतली मतं २०१९ मध्येच पडली आहेत. भिवंडीत तुम्ही-आम्ही तेव्हा लोकसभेला आणि विधानसभेला जे बटण दाबलं, त्याचीच ही ७०० आणि १७५ ची भाषा आहे.

मग नकार बरोबर?

यावेळी तरी हो. पवारांनी हरणारी निवडणूक लढून पाहिली आहे. १९९७ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी ते सीताराम केसरींविरुद्ध उभे होते. केसरींना ६,२२४ मतं मिळाली, पवारांना ८८२. दोन वर्षांनी ते काँग्रेसबाहेर होते.

आजची अडचण वेगळी आहे. राज्यातलं तीन पक्षांचं सरकार त्यांनी जुळवलं. राज्यसभेत त्याला एक तडा गेला आहे आणि सोमवारी, २० जूनला, विधान परिषदेच्या दहा जागांसाठी अकरा उमेदवार आहेत. तिथलं मतदान तर पूर्ण गुप्त. अशा आठवड्यात त्यांनी महिनाभर देशभर फिरून पराभवाची तयारी करणं आघाडीला परवडणारं नव्हतं. विरोधकांनी लढावंच, पण त्यासाठी ज्याच्या खांद्यावर सरकार नाही असा उमेदवार शोधावा.

पुढे काय?

अर्ज भरायची शेवटची तारीख २९ जून. उमेदवाराला ५० सूचक, ५० अनुमोदक आणि १५,००० रुपये अनामत लागते. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशही मिळाली नाहीत, तर अनामत जाते. मतदान १८ जुलैला, मोजणी २१ ला. आपले सहा आमदार विधानभवनात निवडणूक आयोगानं दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनानं पसंतीक्रम लिहितील. दुसरं पेन वापरलं, तर मत बाद.